नव्या फोनला तुझे शब्द शिकवताना

प्रिय शैला,

कागदावर तुझं नाव लिहिलं आणि हात थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. घरात ‘अगो’, बाहेर कुणासमोर ‘प्राजूची आई’. तूही मला ‘अवो’च म्हणायचीस. पण पत्राची सुरुवात ‘अगो’ने कशी करायची? गावच्या शाळेत गुरुजींनी ‘प्रिय’ आणि ‘तीर्थरूप’ एवढंच शिकवलं होतं. तेव्हा आज नावाने बोलावतोय, ऐकून घे.

आजच लिहायला कारण घडलं. सुट्टीचा वार आहे. सकाळी देवाजवळ दिवा लावला, चहा घेतला आणि खिडकीशी बसून नव्या फोनला तुझे शब्द शिकवायला लागलो. बरेच शिकवून झाले. मग एका शब्दावर येऊन अडलो. तो काही केल्या आठवेना. ज्या माणसाला विचारायचं ते माणूस तू. सवयीने मान स्वयंपाकघराकडे वळलीसुद्धा. तिथे मोरीवर पालथा घातलेला एकच कप होता.

नवा फोन कुठून आला, हे तुला सांगायला हवं. जुना माझ्या हातून गेला. आमच्या लोअर परळच्या इमारतीच्या गच्चीवर एसीचा कूलिंग टॉवर आहे, तुला मी एकदा दाखवायला नेलं होतं बघ. त्याच्या टाकीतली पाण्याची पातळी वाकून बघत होतो आणि वरच्या खिशातला फोन सरळ पाण्यात. चाळणीने काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला. तुझ्याच डब्यात. काही उपयोग झाला नाही. शेजारच्या सावंतकाकूंच्या फोनवरून प्राजूला कळवलं तर तिने बंगळूरहून नवा फोन मागवून घरी पाठवला. वर काकूंच्याच फोनवर निरोप, ‘फोन पाठवलाय.’ मी लिहिलं, ‘ठीक.’ आम्हा बापलेकीत सध्या एवढंच चालतं. त्याचं कारण पुढे येईल.

गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे दोन्ही फोन नेले. त्याने बऱ्याच वेळाने नवा फोन माझ्या हातात दिला.

“घ्या काका. नंबर आले, फोटो आले, मेसेज आले. काय सुद्धा गेलं नाही तुमचं.”

“आणि शब्द?”

“कसले शब्द?”

“आत शब्दकोश होता ना. माझ्या बायकोने एकेक शब्द घालून ठेवला होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चांगल्या मनाने म्हणाला, “ते नाय येत काका. तुम्ही लिहीत जा, शिकेल तो हळूहळू. नवीन सून कशी शिकते घरचं, तसं.”

मला हसू आलं. तू असतीस तर त्याला दोन शब्द सुनावून आली असतीस. नव्या सुनेला शिकवायला घरात सासू लागते ना.

तुला आठवतं, हे शब्दांचं खूळ आपल्या घरात कसं शिरलं? तुमच्या भजनी मंडळाने ग्रुप काढला आणि निरोप लिहायचं काम तुझ्यावर आलं. तू पहिलाच निरोप पाठवलास, ‘आई सातेरी प्रसन्न’. ग्रुपवर गेलं, ‘आई सातारा प्रसन्न’. खालून कुणीतरी विचारलं, ‘सातारची सहल कधी?’ तू एवढी चिडलीस. देवीचं नाव बदललं म्हणजे काय? त्या दिवशी तू जेवण झाल्यावर चष्मा लावून फोनच्या पोटात शिरलीस आणि शोधून काढलंस, की आत एक पान असतं, तिथे आपण आपला शब्द लिहून ठेवला की फोन तो शब्द चूक धरत नाही. ‘सातेरी’ लिहून ठेवलंस. मग परत निरोप लिहिलास. देवी जिथल्या तिथे राहिली.

त्यानंतर तुला चटकच लागली. ‘गाऱ्हाणं’ घातलंस, ‘तिरफळ’ घातलंस, ‘खरवड’ घातलीस, ‘इलंय’ आणि ‘गेलंय’ घातलंस. मी म्हटलं, “अगो, हे काय पुस्तकातले शब्द आहेत?” तू म्हणालीस, “मगे? पुस्तकवाले आमच्या घरात येवन कधी जेवले?”

लिहिताना वरच्या पट्टीत फोन तीन शब्द पुढे करतो, त्याचं तुला भारी कौतुक. देवळात गुरव देवाला तांदूळ लावतो आणि कुठल्या बाजूचा आधी पडतो ते बघून आपण कामाला लागतो, तसं तू त्या पट्टीकडे बघायचीस. “हो बघा, कसो कौल दिता. डावो, मधलो, उजवो.” उजवीकडचा शब्द बरा असला की तोच घ्यायचीस, मग वाक्य कुठे का जाईना. त्यामुळे तुझे काही निरोप फारच गमतीचे व्हायचे.

मला मात्र तुझा तो उद्योग बघताना शाळा आठवायची. गुरुजी वाईट नव्हते. पण घरचं बोलणं तोंडातून आलं की पट्टी बसायची. ‘इलंय’ नाही, ‘आलो’ म्हण. ‘माजा’ नाही, ‘माझं’ म्हण. मी म्हणायला शिकलो, आणि तसाच बोलत राहिलो, घरातसुद्धा. तू त्याच शाळेत त्याच पट्टीखाली बसलीस आणि घरी येऊन परत ‘इलंय’च म्हणालीस. फोन शब्दाखाली लाल रेघ मारायचा तेव्हा माझ्या हातून तो शब्द आपोआप पुसला जायचा. तू त्या रेघेवर बोट दाबून धरायचीस आणि म्हणायचीस, “चूक नाय रे बाबा, जोड.” फोन निमूट जोडायचा. गुरुजींच्या पुढे हे कुणाला जमलं असतं?

मग तू माझ्या फोनकडे वळलीस. मी एका बोटाने लिहितो, चष्मा विसरतो, म्हणून माझ्यासाठी दोन-दोन अक्षरांत मोठी वाक्यं बसवून दिलीस. ‘नि’ लिहिलं की पट्टीत ‘निघालो, भात लाव’ यायचं, बोट लावलं की झालं. एक दिवस तेच बोट ऑफिसच्या ग्रुपवर लागलं. एसीचा चिलर बंद करून खाली निघालो, असं साहेबांना कळवायचं होतं. गेलं, ‘निघालो, भात लाव’. साहेबांनी उलट विचारलं, ‘किती शिट्ट्या?’ महिनाभर प्लांटमध्ये मला सगळे तेच विचारत होते. घरी येऊन सांगितलं तर तू डोळ्याला पदर लावून हसत होतीस आणि म्हणत होतीस, “तीन म्हणान सांगूचा होता.”

आणि ढगाची गोष्ट? प्राजू लहान असताना थंडीच्या सकाळी टॉवरची वाफ वर जाताना तिने पाहिली आणि माझ्या कामाच्या जागेचं नाव ‘ढग’ पडलं. तू तो शब्दही फोनला शिकवलास. एकदा भजनाला उशीर होणार म्हणून ग्रुपवर लिहिलंस, ‘आज हे सकाळीच ढगात गेले, मागून येते’. सावंतकाकू भजनातून उठून, चपला न घालता जिन्यावरून धावत आल्या. मी दारात लुंगीवर उभा, पाळी बदलून नुकताच परत आलेलो. त्यांनी मला बघून तुला जे ऐकवलं, ते भजनी मंडळात शोभणारं नव्हतं.

पण सगळ्यांत आधी तू माझ्या फोनमध्ये घातलास तो शब्द ‘पोचलो’. ‘पो’ लिहिलं की ‘पोचलो’.

हा नेम आपल्या घरात फोनच्याही आधीचा. बाहेर पडलेल्या माणसाने पोचल्यावर कळवायचं. सुरुवातीला प्लांटच्या टेबलावरच्या फोनवरून शेजारी निरोप द्यायचो, मग साधे फोन आले तेव्हा मिस्ड कॉल, मग हा मेसेज. मी लिहायचो ‘पोचलो’, तू कुठे गेलीस की लिहायचीस ‘पोचलंय’. दादरला फुलं आणायला गेलीस तरी ‘पोचलंय’. माझी दुसरी पाळी असली आणि कामात मिस्ड कॉल द्यायला उशीर झाला, की घरी आल्यावर तू तोंड फुगवून बसलेली असायचीस. “तुमच्या एका मिस्ड कॉलापायी माजा जेवाण रवता.” मी म्हणायचो, “तू जेव ना. लालबागहून परळला जाताना माझं काय होणार आहे?” तू काहीच सांगायची नाहीस. ताट घासायला उठायचीस. मला वाटायचं, बाईचा काळजीचा स्वभाव, दुसरं काय.

मोबाइलवाल्याने माझे तुझे मेसेज परत आणून दिले ते काल वाचले. वाचले म्हणजे काय, वरपासून खालपर्यंत ‘पोचलो’, ‘बरं’, ‘पोचलंय’, ‘बरं’. मध्ये कुठेतरी ‘निघालो, भात लाव’. आपल्या दोघांचं लेखी बोलणं म्हटलं तर एवढंच. कुणी परक्याने वाचलं तर त्याला काय वाटेल? मी मात्र एकेक ‘पोचलंय’ बघत कितीतरी वेळ बसलो होतो.

ऑपरेशनच्या दिवशी तुला आत नेताना तू फोन माझ्या हातात दिलास. पांघरुणातून हात बाहेर काढून म्हणालीस, “भियाव नकात. पोचलंय की कळयतंय.” ढकलगाडीवाला बिचारा गोंधळला, म्हणाला, “मावशी, समोरच्याच दारात तर जायचंय.” आणि संध्याकाळी शुद्धीवर आलीस तेव्हा कोरड्या ओठांनी तुझा पहिला शब्द काय होता? ‘पोचलंय.’ मी तिथूनच हात जोडले. म्हटलं, सातेरीने राखलं.

नंतर महिनाभराने परत दाखल केलं आणि एका पहाटे तू गेलीस. त्या वेळी काही म्हणाली नाहीस. नेम तुझा, तूच मोडलास. तक्रार करत नाही, पण सांगावंसं वाटलं.

दिवस-कार्य झालं आणि प्राजू तुझा फोन मागून घेऊन बंगळूरला गेली. मी दिला. तिलाही काहीतरी हवंच ना. माझ्यासाठी माझ्या फोनमध्ये तू होतीस. हे मला हळूहळू कळायला लागलं. दुकानातून नारळ आणायचा म्हणून नोंद करायला घेतली तरी पट्टीत तुझे शब्द यायचे. ‘भात’ लिहिलं की पुढे ‘लाव’. ‘देवळात’ लिहिलं की पुढे ‘गेलंय’. घर एवढं शांत झालं होतं, की काम नसताना मी फोन उघडून काहीबाही लिहायचो आणि पट्टीत काय येतं ते बघायचो. पाठवायचं कुणालाच नसायचं. लिहायचं, बघायचं आणि पुसायचं. गुरवाच्या पुढे बसावं तसा बसायचो. सावंतकाकूंनी एकदा विचारलं, “भाऊ, एवढं काय लिहीत असता?” मी म्हटलं, “काही नाही, ड्युटीचं.”

आता प्राजूचं सांगतो.

तू असताना लेकीशी मी बोलायचो म्हणजे तुझ्यामार्फत. ‘पप्पांना सांग’, ‘प्राजूला विचार’. तू मध्ये बसून दोन्हीकडचं पोचवायचीस. मला लिहायला सुचत नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणून एकदा माझ्या फोनवर काहीतरी बसवून म्हणालीस, “‘जे’ दाबा नि प्राजूक पाठवा. तितक्यान तिका बरा वाटात.” मी हो म्हटलं. तू होतीस, त्यामुळे दाबायची वेळ आली नाही.

तू गेल्यावर एका संध्याकाळी आठवण झाली. प्राजूचा दिवसभर काही निरोप नव्हता. मी ‘जे’ लिहिलं. पट्टीत आलं, ‘जेवलंस काय गो बाय?’ मला ते तुझ्या आवाजात ऐकू आलं. बोट लावलं आणि पाठवून दिलं.

लगेच फोन वाजला. प्राजू रडत होती आणि रागावलीही होती.

“पप्पा, हे तुम्ही लिहिलंत?”

“आईने ठेवलं होतं फोनात. मी पाठवलं.”

“नका पाठवू असलं. रस्त्यात होते मी. स्क्रीनवर नुसते शब्द दिसले. मला वाटलं... नका ना पप्पा. आईसारखं नका लिहू मला.”

मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. पण त्यानंतर तिला काय लिहावं ते कळेना. तुझे शब्द वापरायचे नाहीत आणि माझ्याकडे माझे कुठे आहेत? ‘ठीक’ आणि ‘बरं’. तीही तसंच लिहायला लागली. महिने झाले. एकुलती एक लेक, तिच्याशी माझं बोलणं एका शब्दावर आलं आणि तो शब्दही जेमतेम दोन अक्षरांचा. देवाला रोज सांगतो, हा धागा तेवढा तुटू देऊ नको. पण धागा देवाने धरायचा, की मी?

तेवढ्यात फोन पाण्यात गेला. नवा आला, छान आहे, मोठा आहे. पण पहिल्यांदा ‘भात’ लिहिलं आणि पट्टीत आलं, ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’. या फोनने तुला पाहिलेलंच नाही. त्या रात्री मी तू गेल्यावर नव्हतो तेवढा एकटा होतो, असं लिहिलं तर खोटं होणार नाही.

म्हणून आज सकाळी बसलो. ते आतलं पान शोधलं आणि आठवेल तसा एकेक शब्द घालत गेलो. सातेरी. गाऱ्हाणं. तिरफळ. खरवड. इलंय. ढग. लाल रेघ आली की बोट दाबून धरायचं, ‘चूक नाय रे बाबा, जोड’ म्हणायचं. मोठ्याने म्हणत होतो. पलीकडच्या खोलीत सावंतकाकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ऐकत होत्या.

आणि मग तिसऱ्या घासापाशी आलो.

तू रोज संध्याकाळी पलंगावर पाय वर घेऊन बसायचीस आणि प्राजूला लिहायचीस. लिहिताना तोंडाने बोलत लिहायचीस. एवढी नोकरी करणारी मुलगी, तरी लहानपणचंच विचारायचीस. ‘काऊचो घास खाल्लंस? चिऊचो घास खाल्लंस?’ त्यापुढे एक तिसरा घास होता. काऊचा, चिऊचा, आणि कुणाचा? रोज कानावर पडत होता. मी पेपर वाचत असायचो. प्राजू लहान असताना तू तिला भरवायचीस तेव्हा बहुतेक मी पाळीवर. त्यामुळे तो तिसरा घास मी डोळ्यांनी कधी पाहिला नाही. दुपार होत आली, पण आठवत नाही. मनीचा? नाही. बाप्पाचा? तसंही नव्हतं. काहीतरी लांबलचक, गावाकडचं होतं.

तुझा फोन प्राजूकडे. त्यात तो शब्द शेकडो वेळा असेल. तिला विचारायचं, तर तिनेच सांगितलंय, आईसारखं लिहू नका. विचारलं आणि परत तिला रडू आलं तर? नाही विचारलं तर हा एक शब्द या घरातून गेला. माझ्यानंतर विचारणारंही कुणी नाही. काय करू, सांग. तुझ्या गुरवाने कौल द्यावा, तर तो अजून ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’ एवढंच म्हणतोय.

पत्र इथे थांबवलं होतं. आता दिवेलागण झाली आहे. देवाजवळ दिवा लावून परत बसलोय.

दुपारी शेवटी लिहिलं तिला. तुझ्या शब्दांत नाही. मला जमेल तसं, एका बोटाने. ‘प्राजू, आई तुला तिसरा घास कुणाचा लिहायची? फोनमध्ये घालायचा आहे. मला आठवत नाही. तुला त्रास होणार असेल तर राहू दे.’ पाठवलं आणि फोन पालथा ठेवून दिला.

बराच वेळ गेला. मी भात लावला. मग फोन वाजला.

“पप्पा, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“अगो, माहीत असतं तर विचारलं असतं?”

“मला ‘अगो’ म्हणालात तुम्ही.” ती हसली की काय, कळलं नाही. मग म्हणाली, “वाटेवयल्याचो घास.”

बरोबर. वाटेवयल्याचो. वाटेवरच्या माणसाचा. कानात एकदम तुझा आवाज भरला.

“पण तो मी कधी खाल्लाच नाही,” प्राजू म्हणाली. “आई दोन घास मला द्यायची आणि तिसरा ताटाच्या कडेला काढून ठेवायची. मी मागितला तरी द्यायची नाही. म्हणायची, तो पप्पांचो, ते वाटेर असत. तिच्या आईच्या घरी तसं करायचे म्हणे, पुरुषमाणूस मुंबईला निघाला की. तुमचा मिस्ड कॉल आला की मग तो घास ती स्वतः खायची आणि जेवायला बसायची. त्याआधी नाही. मी झोपून जायचे कधी कधी, ती तशीच बसलेली.”

 स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत उभा होतो. ‘तुमच्या एका मिस्ड कॉलापायी माजा जेवाण रवता.’ तू हे शब्दशः म्हणत होतीस होय? मग सांगितलं का नाहीस कधी? सांगितलं असतंस तर चिलर सुरू करायच्या आधी फोनला हात लावला असता. की सांगायचंच नसतं असलं काही? गाऱ्हाणं देवाला मोठ्याने घालायचं आणि घास मुकाट काढायचा, असं आहे का तुमच्याकडे?

“पप्पा, आहात ना?”

“आहे.”

“त्या दिवशी मी ओरडले तुमच्यावर. आईचा फोन मी रोज चार्ज करते. त्याच्यावर काहीतरी लिहिते आणि वर काय येतं ते बघत बसते. त्या दिवशी रस्त्यातही तेच करत होते, आईचा फोन हातात, म्हणून तर...” ती थांबली. मग म्हणाली, “वेड्यासारखं आहे ना?”

“नाही गो,” मी म्हटलं. “मी पण तेच करत होतो.”

 तिच्याकडे कुठेतरी भाजीवाला ओरडत होता. आपल्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“किती झाल्या?” तिने विचारलं.

“दोन.”

“तीन होऊ द्या,” ती म्हणाली. आणि मग, “पप्पा, तुम्ही मला तुमचंच लिहा. ‘पोचलो’ लिहीत जा. रोज. प्लांटला गेलात की, आणि घरी आलात की. आता कुणाला पाठवता तुम्ही?”

कुणालाच नाही, असं तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, “बरं.”

“नुसतं ‘बरं’ नको.”

“लिहीन,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तो शब्द आधी आतल्या पानात घातला. वाटेवयल्याचो. फोनने तांबडी रेघ मारली. मी बोट दाबून धरलं. त्याने जोडला. आता ‘वा’ लिहिलं की तो पट्टीत उजवीकडे येतो. तुझ्या हिशेबाने कौल चांगला.

मग ताट वाढून घेतलं. नुसता भात आणि डाळ, पण नीट बसून जेवलो. बसल्यावर आधी एक घास काढून ताटाच्या कडेला ठेवला. तो कुणाचा, हे तुला सांगायला नको. मी लालबागहून परळला जाऊन कळवायचो, आणि तू एवढ्या लांब गेलीस तरी तुझं ‘पोचलंय’ अजून आलेलं नाही. नेमाप्रमाणे मग तू अजून वाटेवरच असणार.

तेव्हा माझं एवढं ऐक. प्राजूला उद्यापासून रोज ‘पोचलो’ लिहीन, ‘बरं’वर भागवणार नाही. आणि रोज जेवायच्या आधी वाटेवयल्याचो घास काढत जाईन. सातेरीला आज संध्याकाळी तसं सांगून ठेवलंय, मोठ्याने, गाऱ्हाणं घालतात तसं. सावंतकाकूंनी ऐकलं असेल तर ऐकू दे. सावकाश जा, घाई करू नको. पोचलीस की तेवढं कळव. तोवर माझा हा एक घास कडेलाच राहील.

तुझाच,
अवो